संगणकाची स्मृती आणि नव्या आवृत्तीचे ओझे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. भारतीय शास्त्रज्ञ व अभियंते यांनी स्वतः उभारलेल्या आद्य संगणकांपैकी तो एक होय. त्याच्या मुख्य स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा, म्हणजेच ४० बिटांचा असे. आजच्या परिमाणात ही क्षमता अवघी १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट एवढी भरते. एवढ्या तुटपुंज्या जागेत त्या काळातील संशोधकांनी विज्ञानातील अवघड गणिते बसविली आणि सोडविली.

२०२१ मध्ये बाजारात आलेली ‘विंडोज ११’ ही संचालन प्रणाली चालू होण्यासाठीच किमान ४ गिगाबाइट स्मृतीची अपेक्षा धरते. हा आकडा टिफ्रॅकच्या स्मृतीच्या सुमारे ४ लाख १९ हजार पट आहे. असे असूनही संगणक मंद झाला, स्मृती अपुरी पडते, नवी आवृत्ती बसविली आणि जुना छपाईयंत्राचा जोड बंद पडला, या तक्रारी कार्यालयांतून, शाळांतून आणि घरोघरी ऐकू येतातच. स्मृती लाखो पटींनी वाढली, तरी तिची टंचाई मात्र हटली नाही. असे का व्हावे? दोष यंत्राचा, ते वापरणाऱ्याचा, की आणखी कशाचा? या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या रचनेत आणि त्याच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात सापडते.

मेज आणि कपाट

प्रथम ‘स्मृती’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे. संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. तबकडीवर किंवा तत्सम साठवण साधनावर ती कायमची राहते; वीज गेली तरी ती पुसली जात नाही. मुख्य स्मृतीत मात्र चालू कामापुरतीच माहिती ठेवली जाते आणि संगणक बंद होताच ती नाहीशी होते. कचेरीतील व्यवस्थेशी तुलना करावयाची झाल्यास साठवण साधन हे कपाट आणि मुख्य स्मृती हे लिपिकापुढील मेज होय. कपाट कितीही मोठे असले, तरी एका वेळी किती धारिका उघडून काम करता येईल हे मेजाच्या आकारावरच अवलंबून राहते.

कोणत्या कामाला मेजावरील किती जागा द्यावयाची, ती केव्हा परत घ्यावयाची, कळफलक, पडदा व छपाईयंत्र यांच्याशी देवघेव कशी ठेवावयाची, ही सारी व्यवस्था पाहणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. ती कचेरीतील अधीक्षकासारखी आहे. परंतु या अधीक्षकालाही बसावयास त्याच मेजावर जागा लागते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याची कामे वाढतात आणि त्याने अडविलेली जागाही वाढत जाते. वापरणाऱ्याच्या वाट्याला येते ती उरलेली जागा.

पत्त्याच्या अंकांची मर्यादा

मेज लहान पडले तर मोठे आणावे, असे कोणीही म्हणेल. परंतु संगणकात ही गोष्ट नेहमीच शक्य नसते. स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता असतो आणि त्या पत्त्याला किती अंक असावेत हे यंत्र घडवितानाच ठरलेले असते. दूरध्वनीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ज्या शहरात सहा आकडी क्रमांकांची पद्धत आहे, तेथे फार तर १० लाख क्रमांक देता येतात. त्यापुढे एकही नवा दूरध्वनी जोडावयाचा असेल, तर सर्वांच्याच क्रमांकांत एक आकडा वाढवावा लागतो. मग केवळ केंद्रातील यंत्रणा बदलून भागत नाही. दुकानांच्या पाट्या, पत्रांचे मथळे, घरातील वह्या, सारेच बदलावे लागते.

संगणकाच्या पत्त्यातील अंक द्विमान पद्धतीचे असल्यामुळे प्रत्येक वाढीव अंकागणिक जागा दुप्पट होते. १६ अंकी पत्त्याने ६५,५३६ बाइट, २० अंकी पत्त्याने १०,४८,५७६ बाइट, २४ अंकी पत्त्याने १,६७,७७,२१६ बाइट आणि ३२ अंकी पत्त्याने ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ गिगाबाइट एवढ्या स्मृतीपर्यंत पोचता येते. आकडे भव्य दिसतात. परंतु यांपैकी पहिल्या तीन मर्यादा प्रत्यक्षात अपुऱ्या ठरल्या आणि चौथीही ठरली.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० मध्ये ‘पीडीपी-११’ हा संगणक बाजारात आणला. तो अतिशय यशस्वी ठरला, पण त्याचा पत्ता १६ अंकी होता. या यंत्राच्या जडणघडणीशी संबंधित असलेले गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी १९७६ मध्ये त्या अनुभवाचा आढावा घेतला. पत्त्यासाठी पुरेसे अंक न ठेवणे ही संगणकाच्या रचनेतील अशी चूक आहे, की जिच्यातून सावरणे अत्यंत कठीण असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्या कंपनीने ३२ अंकी पत्त्याचा ‘व्हॅक्स’ संगणक आणला.

आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ची कथाही अशीच आहे. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या या संगणकमालेत शब्द ३२ अंकी होता, परंतु पत्त्यासाठी त्यांपैकी २४ अंकच वापरले जात. उरलेले आठ अंक रिकामे राहतात असे पाहून अनेक आज्ञावलीकारांनी त्या जागी आपापल्या खुणा ठेवण्यास आरंभ केला. स्मृती महाग असण्याच्या काळात ही काटकसर शहाणपणाचीच वाटली. पुढे १९८३ मध्ये पत्ता ३१ अंकी करण्यात आला, तेव्हा त्याच खुणा अडसर ठरल्या आणि जुन्या आज्ञावल्यांसाठी २४ अंकी पद्धतही चालू ठेवावी लागली. मॅकिंटॉश संगणकांतही १९९१ च्या सुमारास नेमका हाच पेच उभा राहिला होता. काल केलेली बचत उद्याच्या अडचणीचे मूळ कशी ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सहाशे चाळीस किलोबाइटांची भिंत

सामान्य वापरणाऱ्याला स्मृतीच्या मर्यादेची खरी झळ बसली ती वैयक्तिक संगणकांच्या आगमनानंतर. आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यातील इंटेल ८०८८ या प्रोसेसरचा पत्ता २० अंकी, म्हणजे एकूण पल्ला १,०२४ किलोबाइटांचा. त्यांपैकी वरचे ३८४ किलोबाइट पडदा आणि यंत्रातील कायमस्वरूपी आज्ञावली यांसाठी राखून ठेवण्यात आले व खालचे ६४० किलोबाइट वापरणाऱ्याच्या कामासाठी उरले. त्या संगणकाचे सर्वांत स्वस्त प्रारूप अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीचे होते. त्यामुळे चाळीस पट जागा ही कोणाही समंजस माणसाला ऐसपैस वाटावी, यात नवल नाही.

पण पाच वर्षांच्या आतच ही जागा अपुरी पडू लागली. हिशेबाचे मोठमोठे तक्ते मांडणाऱ्या आज्ञावल्या लोकप्रिय झाल्या होत्या आणि तक्ते ६४० किलोबाइटांत मावेनात. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून विस्तारित स्मृतीची एक पद्धत ठरविली. राखीव भागात ६४ किलोबाइटांची एक खिडकी ठेवावयाची आणि बाहेरच्या मोठ्या स्मृतीतील १६ किलोबाइटांची चार पाने आळीपाळीने त्या खिडकीत आणावयाची, अशी ही युक्ती होती. घर वाढविता येत नाही म्हणून एकाच खोलीतील सामान वारंवार बदलत राहण्यासारखाच हा प्रकार. काम भागले, पण गुंतागुंत वाढली.

दरम्यान १९८२ मध्ये १ कोटी ६७ लाख बाइटांपर्यंत पोचणारा ८०२८६ आणि १९८५ मध्ये ४ गिगाबाइटांपर्यंत पोचणारा ८०३८६ हे प्रोसेसर तयार झाले होते. तथापि, नव्या प्रोसेसरची पूर्ण शक्ती वापरावयाची तर जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालत नसत. लोकांनी पैसे खर्चून घेतलेल्या आणि अंगवळणी पाडलेल्या आज्ञावल्या टाकून देण्यास कोणी तयार नव्हते. परिणामी नवी यंत्रे वर्षानुवर्षे जुन्या यंत्राची केवळ वेगवान नक्कल म्हणून वापरली गेली. भिंत यंत्रात उरलेली नव्हती. ती जुन्या आज्ञावल्यांत आणि त्यांवर विसंबलेल्या कामकाजात होती.

एका आवृत्तीचा धडा

नवी आवृत्ती आणि स्मृतीची मर्यादा यांचा झगडा १९८८ मध्ये ‘डॉस’ प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीच्या वेळी ठळकपणे दिसून आला. त्यापूर्वीच्या ३.३ या आवृत्तीत तबकडीच्या एका विभागात ३२ मेगाबाइटांपेक्षा अधिक माहिती ठेवता येत नसे. याचेही कारण अंकांचेच होते. तबकडीवरील ५१२ बाइटांच्या तुकड्यांना १६ अंकी क्रमांक दिल्याने ६५,५३६ तुकड्यांपलीकडे मोजणीच होत नसे. तबकड्या मात्र मोठ्या होऊ लागल्या होत्या. चौथ्या आवृत्तीने ही मर्यादा उठविली. परंतु ती स्वतः मुख्य स्मृतीत पूर्वीपेक्षा अधिक जागा घेऊ लागली. आधीच ६४० किलोबाइटांत दाटीवाटीने बसणाऱ्या काही आज्ञावल्या त्यामुळे चालेनाशा झाल्या. आरंभीच्या आवृत्तीत दोषही होते आणि लवकरच ४.०१ ही सुधारित आवृत्ती काढावी लागली. तबकडीची सोय हवी तर स्मृती द्या, स्मृती हवी तर तबकडीची सोय सोडा, अशा कात्रीत सापडलेल्या अनेकांनी मुकाट्याने ३.३ या जुन्या आवृत्तीवरच राहणे पसंत केले.

जून १९९१ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने हा धडा लक्षात घेतला. नव्या यंत्रांवर तिने आपला बराचसा भाग पहिल्या मेगाबाइटच्या लगत वर असलेल्या ६४ किलोबाइटांच्या पट्ट्यात हलविला आणि वापरणाऱ्याला ६०० किलोबाइटांहून अधिक जागा मोकळी करून दिली. या आवृत्तीचे स्वागत झाले ते नव्या सोयींइतकेच तिने परत दिलेल्या जागेसाठी! तरीही कोणता घटक कोठे बसवावयाचा हे सांगणाऱ्या सूचनांच्या ओळी वापरणाऱ्यालाच लिहाव्या लागत. एक ओळ मागेपुढे झाली तरी दर्शक-फलिका किंवा ध्वनियंत्र बंद पडे. त्या काळात संगणक वापरणाऱ्या कित्येकांच्या संध्याकाळी पाच-दहा किलोबाइट वाचविण्यात खर्ची पडल्या.

चार गिगाबाइटही अपुरे

पुढे ३२ अंकी पत्त्याच्या प्रणाली रूढ झाल्या आणि ६४० किलोबाइटांची भिंत इतिहासजमा झाली. विंडोजच्या किमान गरजेचे आकडेच पुढील वाटचाल सांगतात. १९९५ च्या आवृत्तीला ४ मेगाबाइट पुरत असत. १९९८ च्या आवृत्तीला १६, २००१ च्या ‘एक्सपी’ला ६४ आणि २००६ अखेरीस पूर्ण झालेल्या ‘व्हिस्टा’ला ५१२ मेगाबाइट लागू लागले. बारा वर्षांच्या आत गरज १२८ पटींनी वाढली. हे आकडेही केवळ प्रणाली सुरू होण्यापुरते. सुखाने काम करावयाचे तर त्याच्या दुपटी-चौपटीने स्मृती असणे इष्ट असे.

साहजिकच ४ गिगाबाइटांची मर्यादाही दृष्टिपथात आली. ३२ अंकी विंडोजच्या यंत्रात ४ गिगाबाइट स्मृती बसविली, तरी सुमारे ३ ते ३.५ गिगाबाइटच उपयोगात येत, कारण पत्त्यांचा काही भाग दर्शक-फलिका व इतर जोडांसाठी राखलेला असे. पैसे पुरते मोजूनही स्मृती कमी का दिसते, हा प्रश्न अनेकांना पडला तो यामुळेच. २००३ मध्ये एएमडी कंपनीने जुन्या आज्ञावल्यांशीही जुळणारा ६४ अंकी प्रोसेसर आणला आणि कोंडी फुटली. ६४ अंकी पत्त्याचा तात्त्विक पल्ला ४ गिगाबाइटांच्या सुमारे ४२९ कोटी पट आहे.

परंतु या स्थित्यंतराचीही किंमत द्यावी लागली. ६४ अंकी विंडोजवर १६ अंकी जुन्या आज्ञावल्या चालत नाहीत. जोडयंत्रांसाठी लागणाऱ्या चालक-आज्ञावल्याही ६४ अंकी असाव्या लागतात. ज्या यंत्राच्या उत्पादकाने त्या तयारच केल्या नाहीत, ते यंत्र सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते. ‘विंडोज ११’ तर केवळ ६४ अंकी स्वरूपातच काढण्यात आली. लहान उद्योगांतील हिशेबाच्या किंवा ग्रंथालयांतील नोंदींच्या जुन्या आज्ञावल्यांवर विसंबून असलेल्यांना यामुळे जुने यंत्र जपून ठेवणे किंवा सर्व नोंदी नव्याने उतरविणे, असे दोनच मार्ग उरतात.

संगणक मंद का होतो?

स्मृती अपुरी पडली म्हणजे आजचा संगणक एकदम थांबत नाही. तो मंद होतो. याचे कारण ‘आभासी स्मृती’ या व्यवस्थेत आहे. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲटलस’ संगणकात ही व्यवस्था प्रथम यशस्वीपणे वापरण्यात आली. त्याच्या मुख्य स्मृतीत १६,३८४ शब्द आणि चुंबकीय ढोलावर ९८,३०४ शब्द मावत. त्या क्षणी न लागणारी पाने ढोलावर पाठवावयाची व लागतील तशी परत आणावयाची हे काम यंत्र स्वतःच करी. आज्ञावली लिहिणाऱ्याला सारी स्मृती सलग असल्यासारखी भासे.

ही व्यवस्था उपकारक आहे, परंतु तिला मर्यादा आहे. मेजावर जागा नसल्यामुळे दर मिनिटाला कपाटाकडे धाव घ्यावी लागली, तर लिपिकाचा सारा दिवस ने-आण करण्यातच जाईल. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची मीमांसा केली. एखादे काम सुरळीत चालण्यासाठी त्याची ठराविक पाने एकाच वेळी मुख्य स्मृतीत असावीच लागतात. तेवढी जागा न मिळाल्यास यंत्र पाने हलविण्यातच गुंतून पडते, असे त्यांनी दाखविले. म्हणूनच जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती बसविल्यावर वेग थोडाथोडका नव्हे, तर एकदम ढासळल्यासारखा वाटतो. कडेपर्यंत भरलेल्या घागरीत आणखी एक ओंजळ पडावी, तसे हे घडते.

वाढीची कारणे आणि लाभ

संचालन प्रणाली एवढ्या विस्तारत का जातात? स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये एका गाजलेल्या लेखात आटोपशीर आज्ञावल्यांचा पुरस्कार केला. यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात, त्याहून अधिक गतीने आज्ञावल्या मंद होत जातात, हे निरीक्षण त्यांनी त्यात मांडले. स्मृती स्वस्त झाली की काटकसरीची शिस्त सुटते, हे खरेच आहे. पण सारी वाढ उधळपट्टीची नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

मराठी वापरणाऱ्यांचा अनुभव या संदर्भात लक्षणीय आहे. संगणकावर देवनागरी उमटविण्यासाठी १९८० च्या दशकात ‘जिस्ट’ या तंत्राची स्वतंत्र फलिका यंत्रात बसवावी लागे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये स्वीकारले गेले. तथापि, पुढील काळात अनेक ठिकाणी रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे ठेवणारे टंक वापरले गेले. तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ‘विंडोज २०००’ या आवृत्तीत युनिकोड पद्धतीच्या देवनागरीची आणि मराठीची अंगभूत सोय आली. काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरे यथास्थित जुळविण्याचे काम प्रणालीच करू लागली. मराठीसाठी तरी ही नवी आवृत्ती म्हणजे केवळ ओझे नव्हते.

अर्थात त्यासाठीही स्मृती खर्ची पडतेच. ‘महाराष्ट्र’ हा शब्द इस्की पद्धतीत १० बाइटांत मावतो, तर युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित संकेतनात त्याला ३० बाइट लागतात. परंतु त्या बदल्यात तो शब्द मुंबईत लिहिला तरी मॉरिशसमध्ये जसाच्या तसा वाचता येतो. महाजालावरील पाने पाहण्याच्या आधुनिक साधनांत प्रत्येक पानाला स्मृतीचा वेगळा कप्पा देण्याची पद्धत २००८ नंतर रूढ झाली, तीही अशीच. जागा जास्त लागते, पण एका पानातील दोषाने बाकीची पाने कोसळत नाहीत आणि एका पानातील घातक आज्ञावलीला दुसऱ्या पानातील बँकेचा तपशील सहजासहजी वाचता येत नाही.

जुन्या आवृत्तीवर राहण्याचा धोका

यावरून कोणी म्हणेल, की जुनी आवृत्ती नीट चालत असेल तर ती बदलावीच कशाला? तबकड्यांवरून आज्ञावल्यांची देवघेव होण्याच्या काळात हा विचार पुष्कळसा योग्य होता. यंत्रे जगभराच्या जाळ्याशी जोडली गेल्यापासून मात्र परिस्थिती पालटली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील संगणक वेठीस धरले. ज्या दोषाचा तिने फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झालेली होती. पण असंख्य यंत्रांवर ती बसविलेली नव्हती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८१ न्यासांना या हल्ल्याची झळ पोचली आणि रुग्णांच्या हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती न बसविण्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

म्हणूनच आवृत्तीच्या आधाराची मुदत ही बाब महत्त्वाची ठरते. ‘एक्सपी’चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, ‘विंडोज ७’चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर नवे दोष आढळले तरी नियमित विनामूल्य दुरुस्त्या मिळत नाहीत. या वेळी अडचण केवळ स्मृतीची नव्हती. ‘विंडोज ११’साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७ नंतरचे प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आले. त्यामुळे ८ गिगाबाइट स्मृती असलेली, उत्तम चालणारी अनेक यंत्रेही अपात्र ठरली. पूर्वीची मर्यादा पत्त्याच्या अंकांतून येई. ही मर्यादा धोरणातून आली. सुरक्षिततेचे कारण रास्त असले, तरी चालू स्थितीतील यंत्र बाद करण्याचा भुर्दंड पडला तो वापरणाऱ्यावरच.

कोणती दक्षता घ्यावी?

अशा प्रसंगी गोंधळून न जाता काही गोष्टी पद्धतशीरपणे पाहणे हिताचे ठरते. प्रथम यंत्राची खरी अडचण कोणती हे तपासावे. नेहमीची कामे चालू असताना किती स्मृती व्यापली जाते, हे प्रणालीतील कार्य-व्यवस्थापक दाखवितो. ती सतत काठोकाठ भरत असेल, तर स्मृती वाढविल्याने निश्चित लाभ होतो. ती निम्मी रिकामी असेल, तर आणखी स्मृती घालणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. फिरत्या तबकडीऐवजी स्थिर साठवण साधन, म्हणजे एसएसडी बसविल्यानेही जुन्या यंत्रात लक्षणीय फरक पडतो, कारण कपाटाकडील प्रत्येक फेरी लवकर होते.

जाहिरातीत दिलेला ‘किमान गरजे’चा आकडा हा पुरेपणाचा आकडा नव्हे, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. अनेक सुटसुटीत यंत्रांत स्मृती मुख्य फलिकेवर कायमची जडविलेली असते आणि ती पुढे वाढविता येत नाही. आज थोडा अधिक खर्च करून घेतलेली स्मृती यंत्राचे आयुष्य वाढविते. संस्थांनी यंत्रे मागविताना स्मृती वाढविण्याची सोय आणि प्रणालीच्या आधाराची उरलेली वर्षे या दोन्ही गोष्टी अटींत नमूद करून घ्याव्यात.

नवी आवृत्ती सर्व यंत्रांवर एकदम बसवू नये. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या साधनावर काढून, एका यंत्रावर छपाईयंत्र, प्रतिमाग्राहक व नित्याच्या आज्ञावल्या चालतात की नाही हे पाहावे आणि मगच पुढे जावे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या मानकांच्या स्वरूपात ठेवल्यास प्रणाली बदलली तरी तो वाचता येतो. जुन्या टंकांत अडकलेला मजकूर, तो वाचणारी यंत्रे अजून चालू आहेत तोवरच रूपांतरित करून घेणे श्रेयस्कर.

जे यंत्र नव्या आवृत्तीस अपात्र ठरले, ते लगेच टाकाऊ झाले असे समजण्याचे कारण नाही. लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली अशा यंत्रांवर बसविता येतात आणि त्यांच्या हलक्या आवृत्त्या थोड्या स्मृतीतही चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली अशी प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालींवर संगणक शिक्षणाची घडी बसविली, तर केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. मात्र ज्या आज्ञावल्या केवळ विंडोजवरच चालतात, त्यांची अडचण आधी विचारात घ्यावी. जुन्या आज्ञावलीसाठीच एखादे यंत्र ठेवणे भाग असेल, तर ते जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवावे. ज्यांची सेवा खरोखर संपली, ती यंत्रे भंगारात न घालता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच सोपविणे उचित होय.

संगणकाच्या प्रत्येक मर्यादेला ती ठरविताना सबळ कारण होते. २० अंकी पत्ता १९८१ मध्ये उदार वाटला आणि ३२ अंकी पत्ता तर अमर्याद. आजचा ६४ अंकी पत्ता दीर्घकाळ पुरेल हे उघड आहे. पण जडविलेली स्मृती, आधाराची मुदत आणि पात्रतेच्या अटी यांच्या रूपाने नव्या मर्यादा उभ्या राहतच आहेत. मर्यादा ठरविणारा एक असतो आणि ती ओलांडण्याचा खर्च सोसणारा दुसराच. म्हणून आपल्या गरजेचे मोजमाप आपणच करणे, पुढील काही वर्षांची तजवीज खरेदीच्या वेळीच ठेवणे आणि आपली माहिती कोणत्याही एका आवृत्तीची बंदी होऊ न देणे, एवढी सावधगिरी वापरणाऱ्याच्या हाती निश्चितच आहे.